जड तोफा, जड पावलं

१६४५ चा फेब्रुवारी. बोहेमियातली चिखलाची वाट थंडीने दगडासारखी टणक झाली होती आणि तिच्यावरून स्वीडनच्या साठ तोफा खडखडत चालल्या होत्या. सोबत सोळा हजारांच्या आसपास सैन्य. एरवी हिवाळा म्हटला की फौजा छावणीत शिरायच्या, पण हा सेनापती जमीन गोठायची वाटच पाहत थांबला होता. भिजलेल्या मातीत चाक रुततं, गोठलेल्या मातीवर ते पळतं, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. आणि हा हिशोब करणाऱ्या माणसाला स्वतःला मात्र धड चालता येत नव्हतं. संधिवाताने तो इतका जेरीस आला होता की मोहिमांमधला कितीतरी प्रवास तो डोलीत पडून करायचा. वय ४१. नाव लेनार्ट टॉर्स्टेनसन.

रसग्रहण आपण कवितेचं करतो, नाटकाचं करतो. एखाद्या सेनापतीच्या कारकिर्दीचं करता येईल का? मला वाटतं, येईल. चांगल्या कवितेत एक प्रतिमा पहिल्या कडव्यात सहज येऊन जाते, मधल्या कडव्यात वेगळ्या अर्थाने परतते आणि शेवटी तिचं सगळं मोल उलगडतं. टॉर्स्टेनसनच्या आयुष्यात अशी एक प्रतिमा आहे. ती म्हणजे वजन. जड वस्तू हलकी कशी करायची, जागची न हलणारी गोष्ट कशी हलवायची, हा प्रश्न त्याच्यापुढे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. तोफेच्या रूपात आला, मग स्वतःच्या देहाच्या रूपात, मग एका खचलेल्या सैन्याच्या रूपात. आणि शेवटी एका शहराच्या भिंतींच्या रूपात.

पहिलं वजन जन्माबरोबरच आलं. १६०३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम स्वीडनमधल्या फोर्स्टेना इथे त्याचा जन्म झाला. त्याचे वडील एल्व्सबोर्ग किल्ल्याचे किल्लेदार होते. राजगादीच्या भांडणात त्यांनी पदच्युत राजा सिगिस्मुंड याची बाजू धरली आणि त्यापायी त्यांना देश सोडावा लागला. मुलगा नातलगांकडे वाढला. ज्या नव्या राजघराण्यामुळे बाप परागंदा झाला, त्याच घराण्याच्या तरुण राजाकडे, गुस्तावस अडॉल्फसकडे, हा मुलगा पंधराव्या वर्षी हुजऱ्या म्हणून रुजू झाला. बापाच्या नावावरचा डाग धुऊन काढायला निष्ठेशिवाय दुसरं भांडवल त्याच्याजवळ नव्हतं.

या काळातली एक आख्यायिका स्वीडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लिव्होनियातल्या एका चकमकीत राजाने या पोराला एक हुकूम देऊन सैन्याच्या दुसऱ्या बाजूला पाठवलं. तो निघाला आणि वाटेत त्याच्या लक्षात आलं की शत्रूने जागा बदलली आहे, आता हा हुकूम जसाच्या तसा पोचवला तर घात होईल. त्याने तो परस्पर बदलून सांगितला. राजाने हे ऐकल्यावर त्याला बजावलं की अशा आगळिकीत डोकं गेलं असतं, पण तू हुजऱ्यापेक्षा सेनापती होण्याच्या लायकीचा दिसतोस. त्या दिवशी राजाने त्याला आपल्या पंगतीला बसवलं म्हणतात. आख्यायिका खरी की रचलेली, यापेक्षा लोकांनी ती याच माणसाला का चिकटवली, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिच्यात त्याचा पुढचा सगळा स्वभाव बीजरूपाने आहे. जमीन काय सांगते ते आधी पाहायचं, कागदावर काय लिहिलंय ते नंतर.

राजाने त्याला युद्धविद्या शिकायला नेदरलँड्समध्ये ऑरेंजच्या मॉरिसकडे पाठवलं. तिथून परतल्यावर त्याच्या हाती आला तोफखाना, आणि इथे या कवितेचं मुख्य कडवं सुरू होतं.

त्या काळी तोफ म्हणजे रणांगणावरचं सर्वांत आडमुठं जनावर. एकेका मोठ्या तोफेला घोड्यांची लांबलचक जुंपण लागायची. लढाईच्या सकाळी ती जिथे ठेवली, तिथेच संध्याकाळपर्यंत राहायची. लढाई पुढे सरकली की तोफ निरुपयोगी, आणि लढाई हरली की तोफ शत्रूची. स्वीडिश लोकांनी या जडपणाशी झुंज घेतली. आधी त्यांनी कातडी तोफ करून पाहिली. तांब्याची पातळ नळी, तिच्यावर दोरांचे वेढे आणि वरून चामड्याचं वेष्टन. वजनाला ती हलकी झाली, पण काही बार काढले की तापून निकामी व्हायची. मग आली तीन पौंडी गोळ्याची छोटी तोफ. एखाददुसरा घोडा ती ओढू शके, आणि वेळ पडली तर चार माणसं हातांनी ढकलून पायदळाच्या बरोबरीने पुढे नेऊ शकत. दारू आणि गोळा एकत्र बांधून ठेवलेले असल्यामुळे ती भरायलाही सोपी. वयाची २७ वर्षं पुरी व्हायच्या आत टॉर्स्टेनसन स्वीडनच्या या नव्या तोफखान्याचा कर्नल झाला.

त्याचा परिणाम १६३१ च्या सप्टेंबरात लाइपझिगजवळच्या ब्राइटेनफेल्डला दिसला. १६१८ पासून पेटलेल्या त्या युद्धात, ज्याला पुढे तीस वर्षांचं युद्ध म्हटलं गेलं, स्वीडन १६३० मध्ये प्रोटेस्टंटांच्या बाजूने उतरलं होतं. समोर पवित्र रोमन सम्राटाचा मुरलेला सेनानी टिली उभा होता. टिलीच्या तोफांतून एक गोळा सुटेपर्यंत स्वीडिश तोफांतून तीन सुटत. संध्याकाळी टिलीचे तोफखाने स्वीडिशांच्या हाती लागले आणि त्याच तोफांची तोंडं वळवून त्याच्याच फौजेवर धरली गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बव्हेरियात लेख नदी ओलांडताना टॉर्स्टेनसनच्या तोफांनी पैलतीर भाजून काढला आणि त्यांच्या आडोशाने पूल उभा राहिला. त्या माऱ्यात टिलीच्या पायाला गोळा लागला. त्याला इंगोलश्टाटच्या किल्ल्यात नेलं, तिथेच तो काही दिवसांनी वारला.

या किल्ल्याचं नाव लक्षात ठेवायला हवं, कारण आयुष्य कधीकधी कवीपेक्षाही बारकाईने यमक जुळवतं. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूरेंबर्गजवळ आल्टे फेस्टेच्या टेकडीवर राजाने सम्राटाच्या वालेनश्टाइन या सेनापतीवर हल्ला केला. तो फसला, आणि टॉर्स्टेनसन पकडला गेला. त्याला कैदेत टाकलं ते इंगोलश्टाटच्या किल्ल्यात. जवळजवळ वर्षभर तो तिथे होता. त्या कोठडीची ओल त्याच्या सांध्यांत मुरली आणि तिथून तो कधीच धडधाकट होऊन निघाला नाही, असं तेव्हापासून मानलं जातं. याच कैदेत असताना, नोव्हेंबर १६३२ मध्ये, ल्यूत्सेनच्या धुक्यात गुस्तावस अडॉल्फस मारला गेला. ज्याने त्याला पंगतीला बसवलं, त्याच्या शेवटच्या लढाईत हा हजर नव्हता.

मला हा या कारकिर्दीतला सर्वांत दाट भावार्थाचा भाग वाटतो. हालचाल हाच ज्याचा धर्म, त्याला चार भिंतींत बसवलं गेलं, आणि तो बाहेर आला तेव्हा भिंती त्याच्या गुडघ्यांत, मनगटांत, बोटांत शिरल्या होत्या. तोफेचं ओझं त्याने हलकं केलं होतं. आता तो स्वतःच वाहून न्यायची वस्तू झाला.

पुढची वर्षं त्याने योहान बानेर या जबर, हट्टी सेनापतीच्या हाताखाली काढली. १६३६ मध्ये विट्श्टॉकची अवघड लढाई त्यांनी जिंकली. शेवटी दुखणं इतकं वाढलं की टॉर्स्टेनसन मायदेशी परतला. १६४१ च्या मे महिन्यात हाल्बरश्टाटला बानेर वारला. त्याच्यामागे राहिलेलं सैन्य सैन्य म्हणवत नव्हतं. पगार थकलेले, अधिकारी बंडाच्या बेतात, शिपाई बहुतेक जर्मन भाडोत्री, ज्यांना स्वीडनशी देणंघेणं फक्त पैशापुरतं. चान्सलर आक्सेल ऑक्सेनशेर्ना याने अंथरुणाला खिळू पाहणाऱ्या टॉर्स्टेनसनला फील्डमार्शल करून परत जर्मनीत धाडलं. त्याने सोबत सात हजारांच्या आसपास ताजी माणसं आणली आणि पैसा आणला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने सैन्याला चालायला लावलं. त्याला वजनाचं शास्त्र ठाऊक होतं. जी फौज एका जागी बसते ती आधी भुकेली होते, मग बंडखोर. चालत्या फौजेला कुरकुरायला उसंत नसते. शिस्तीत तो कठोर होता, शिपाई त्याला भीत. बानेरवर त्यांचा जीव होता तसा याच्यावर जडला नसावा. पण ते त्याच्यामागे चालले.

१६४२ मध्ये तो सायलेशियातून मोराव्हियात घुसला, ओलोमोउत्स हे तिथलं मोठं शहर त्याने घेतलं आणि वर्षअखेर परत सॅक्सनीत उतरला. २ नोव्हेंबरला त्याच्यासमोर सम्राटाचा भाऊ लेओपोल्ड विल्हेल्म आणि पिकोलोमिनी यांची अधिक मोठी फौज उभी राहिली. मैदान तेच, ब्राइटेनफेल्ड. ११ वर्षांपूर्वी इथे तो तरुण तोफखानाप्रमुख होता आणि राजा जिवंत होता. शत्रूच्या तोफा धडाडत असताना त्याने थांबून मांडणी करत बसण्याऐवजी घोडदळ सरळ अंगावर घातलं. समोरची डावी बाजू रांग धरायच्या आत कोसळली. सम्राटाच्या ४६ तोफा हाती आल्या. कवितेतल्या धृपदासारखी ही लढाई वाचावी. ओळ तीच, पण म्हणणाऱ्याचा आवाज बदललेला आहे.

यानंतरचा १६४३ चा डेन्मार्कवरचा पल्ला त्याच्या शैलीचा सर्वांत निखळ नमुना म्हणता येईल. डेन्मार्क स्वीडनचा जुना वैरी. बाल्टिकच्या तोंडावर बसून जकात घेणारा आणि स्वीडनला चहूकडून आवळणारा. ऑक्सेनशेर्नाचा गुप्त हुकूम उन्हाळा सरताना मोराव्हियात पोचला. डेन्मार्कवर चालून जा. सेनापती युरोपच्या मध्यभागी, आणि लक्ष्य उत्तरेच्या टोकाला. टॉर्स्टेनसनने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सैन्य हललं तेव्हा लोकांना वाटलं, बव्हेरियाकडे जातोय. एल्ब नदीकाठी त्याने हूल दिली. डिसेंबरात हाफेल्बेर्गला पोचल्यावर त्याने आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं की हा हिवाळा आपण डेन्मार्कच्या मुलखात काढणार. महिना सरायच्या आत स्वीडिश फौज होल्श्टाइनमध्ये होती, आणि १६४४ च्या जानेवारीअखेर जवळपास सगळं जटलंड तिच्या हाती होतं. युद्ध पुकारलंच नव्हतं. या कौशल्याला दाद देताना त्यातला हा विश्वासघात झाकू नये.

सम्राटाने डेन्मार्कच्या मदतीला गालास नावाचा सेनापती धाडला. टॉर्स्टेनसनने त्याच्याशी मोठी लढाई टाळली. तो त्याच्या बगलेने निसटून परत दक्षिणेला उतरला, आणि मग गालासला उजाड झालेल्या मुलखात कोंडून त्याची रसद तोडली. तोफ फार वाजलीच नाही. भूक आणि थंडीने ती फौज वितळली. जर्मन लोकांनी गालासला सैन्यबुडव्या असं नाव ठेवलं ते याच कर्तबगारीवरून. १६४५ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉम्सेब्रोच्या तहात डेन्मार्कने गोटलंड आणि ओसेल ही बेटं आणि यॅम्टलंड, हेर्येदालेन हे प्रांत सोडले, शिवाय हालंड ३० वर्षांसाठी गहाण दिला. स्वीडन बाल्टिकचा धनी झालं.

आणि मग तो गोठलेला फेब्रुवारी. या कवितेतली ओळ न्‌ ओळ सुटी करून वाचावी असा भाग म्हणजे ६ मार्च १६४५ ची यान्कोवची लढाई. प्रागच्या आग्नेयेला सुमारे पन्नास किलोमीटरवरचं हे गाव. टेकड्या, जंगलाचे पट्टे, तळी. दोन्ही बाजू सोळा-सोळा हजारांच्या, आणि दोन्हीकडे घोडदळ जास्त. फरक तोफांत. सम्राटाकडे २६, टॉर्स्टेनसनकडे साठ. अशा खडबडीत जागी जास्तीच्या तोफा म्हणजे जास्तीचं ओझं, असंच कुणाही सेनापतीला वाटलं असतं. पण तोफा हलवायला जो शिकला, त्याला टेकडी म्हणजे पायरी.

पहाटे त्याने शत्रूच्या बगलेकडे सरकायला सुरुवात केली. सम्राटाचा सेनापती हाट्झफेल्ड याने एक मोक्याची टेकडी राखायला सांगितली होती. त्याच्या घोडदळाचा प्रमुख ग्यॉट्स आपली तुकडी घेऊन पुढे सरकला आणि झाडीच्या खोलगट भागात अडकला. घोडदळाला पसरायला जागा नाही, आणि वरून स्वीडिश तोफा. ग्यॉट्स तिथेच पडला. हा लढाईचा पहिला चरण. मग मधे यति आहे. दुपारच्या सुमारास हाट्झफेल्ड मागे सरकून नव्या जागी उभा राहिला, लढाई संपल्यासारखी वाटली. दोन फौजांच्या मधल्या एका टेकडीवरून ती पुन्हा पेटली. टॉर्स्टेनसनने तोफा पुन्हा पुढे आणल्या. एका दिवसात तोफखान्याने जागा बदलत लढावं, ही गोष्ट टिलीच्या पिढीला कल्पनेतही सुचली नसती.

याच गडबडीत बव्हेरियाचं घोडदळ स्वीडिशांची फळी फोडून मागच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत घुसलं. तिथे अधिकाऱ्यांच्या बायका होत्या. टॉर्स्टेनसनची पत्नी बेआटा दे ला गार्डी हीदेखील त्यांच्या हाती लागली. पण लूट समोर दिसताच स्वार घोड्यावरून उतरले, पेट्या फोडत बसले. तेवढ्या अवधीत स्वीडिश घोडदळ सावरून परतलं आणि बायका सुटल्या. या प्रसंगात एक मोठा अर्थ दडलेला दिसतो. जिंकता जिंकता ज्यांनी ओझं उचललं, ते हरले. संध्याकाळी हाट्झफेल्ड स्वतः कैद झाला, चार हजारांहून जास्त माणसं कैद झाली आणि त्या सगळ्या २६ तोफा गेल्या. प्रागमध्ये विजयाची बातमी ऐकायला बसलेला सम्राट फर्डिनांड तिसरा घाईघाईने शहर सोडून गेला. वर्ष संपायच्या आत सॅक्सनीने स्वीडनशी शस्त्रसंधी केला आणि सम्राटाने आपला सर्वांत भरवशाचा मुत्सद्दी तहाच्या बोलण्यांसाठी म्युन्स्टरला पाठवला. १६४८ च्या वेस्टफालियाच्या शांततेकडे जाणारी वाट यान्कोवच्या टेकड्यांवरून जाते.

इथपर्यंत वाचताना दाद देतच आलो. पण कवितेत न उच्चारलेले शब्दही वाचावे लागतात. या वेगाला इंधन कुठून मिळत होतं? फौजेला दाणावैरण स्वीडनमधून येत नव्हती. ज्या गावातून ती जाई, ते गाव तिला पोसायचं. पल्ला जितका लांब, तितक्या जास्त गावांच्या कणग्या रिकाम्या. टॉर्स्टेनसनने घेतलेल्या ओलोमोउत्समध्ये स्वीडिश सैन्य आठ वर्षं ठाण मांडून होतं. १६५० मध्ये ते निघालं तेव्हा मोराव्हियाच्या त्या मुख्य शहरात दोन हजार माणसंही उरली नव्हती. सेनापतीने ओझं हलकं केलं म्हणजे ते नाहीसं झालं असं होत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातं. इथे ते शेतकऱ्याच्या आणि शहरवासीयाच्या खांद्यावर गेलं. स्वतःच्या अंगाची इतकी आग होत असलेल्या माणसाला परक्याच्या पोटातली आग जाणवायला हवी होती, असं मनात येतं. पण वेदनेने माणूस कोवळा होतोच असं नाही. कधी ती त्याला एवढंच शिकवते की सोसता येतं, आणि मग तो सगळ्यांनाच सोसायला लावतो. हे या कारकिर्दीतलं काळं पान आहे, आणि ते वगळून केलेलं वाचन खोटं ठरेल.

शेवटचं कडवं ब्रनो शहराचं. यान्कोवनंतर तो डॅन्यूबपर्यंत जाऊन पोचला, क्रेम्स घेतलं, व्हिएन्नासमोर उभा राहिला. पण एवढी मोठी राजधानी एकट्याने घेण्याएवढी माणसं त्याच्यापाशी नव्हती. ट्रान्सिल्व्हेनियाच्या राकोत्सीच्या मदतीची वाट पाहताना मागची वाट मोकळी करावी म्हणून मे महिन्यात तो ब्रनोकडे वळला. शहर लहान. आत सुमारे दीड हजार बचाव करणारे, त्यांतले थोडेच खरे शिपाई. बाकी कारागीर, नागरिक आणि जेझुइट शाळेचे विद्यार्थी. त्यांचा प्रमुख होता राद्वी द सूश, एकेकाळी स्वीडनच्याच नोकरीत राहून भांडून बाहेर पडलेला फ्रेंच. स्वीडिशांनी सुरुंग खणले, तटाला भगदाडं पाडली, पुन्हा पुन्हा चढाई केली. शहर पडलं नाही. छावणीत रोगराई शिरली, राकोत्सीने तुर्कांच्या दबावाखाली माघार घेतली. १५ ऑगस्टचा निकराचा हल्लाही परतवला गेला आणि त्या महिन्यातच वेढा उठला.

याबद्दल ब्रनोत एक गोष्ट सांगतात. दुपारी बारापर्यंत शहर पडलं नाही तर मी निघून जाईन, असं टॉर्स्टेनसन म्हणाला होता म्हणे. हे आत कळलं. तट आता पडणार असं दिसू लागलं, तेव्हा कुणीतरी धावत जाऊन सेंट पीटर आणि पॉलच्या चर्चची घंटा अकरालाच बाराची वाजवली. सेनापती शब्दाला जागला आणि निघून गेला. आजही त्या चर्चमध्ये अकरा वाजता बाराचे ठोके पडतात.

इतिहासात वेढा उठवण्याची कारणं रोगराई, राकोत्सीची माघार आणि फसलेले हल्ले ही आहेत. तरी मला ही दंतकथा या कारकिर्दीवरचं सर्वांत मार्मिक भाष्य वाटते. शहराच्या लोकांनी नकळत आपल्या शत्रूला अचूक ओळखलं होतं. ज्याने तोफा हलवल्या, फौजा हलवल्या, देशांच्या सीमा हलवल्या, त्याला भिंतींनी अडवलं म्हणणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्याच्यावर मात करायची तर त्याच्याच विद्येने करायला हवी, काहीतरी जागचं हलवूनच. तट तर हलवता येणार नव्हता. म्हणून त्यांनी वेळ हलवली.

त्याच वर्षअखेर देहाने पुरती हार खाल्ली आणि त्याने सैन्य व्रांगेल या सेनापतीच्या हाती सोपवलं. राणी क्रिस्टिनाने त्याला काउंट केलं, मानाची पदं दिली. १६५१ च्या एप्रिलमध्ये, ४८ वर्षं पुरी व्हायच्या आत, तो स्टॉकहोममध्ये वारला. रिडरहोल्म चर्चमध्ये, जिथे त्याचा राजा निजला आहे, तिथेच त्यालाही जागा मिळाली. परागंदा बापाच्या मुलाला राजाच्या पंगतीत दुसऱ्यांदा बसायला मिळालं, आणि तिथून उठायचं नव्हतं. दूर मोराव्हियात मात्र त्याच्यासाठी पुढे ओढलेला तो एक तास कुणी अजून मागे सारलेला नाही. रोज अकरा वाजता तिथे बारा वाजतात.